कॉन्टेसाला लागलेली धाप

मुलांनो, प्रत्येक घरात एक तरी अशी जुनी वस्तू असते, की जी 'आता काढून टाकायची' असं दर दिवाळीला ठरतं आणि दर दिवाळीला ती पुन्हा पुसून जागच्या जागी ठेवली जाते. कुणाच्या घरी ते शिलाईचं मशीन असतं, कुणाच्या घरी रेडिओ. आमच्या घरी ती चक्क एक मोटार आहे!

पांढरीशुभ्र, लांबलचक कॉन्टेसा. तुमच्यापैकी पुष्कळांनी ही गाडी पाहिलीही नसेल. आईबाबांना किंवा आजोबांना विचारा, त्यांचे डोळे लगेच चमकतील. ही गाडी १९८४ साली बाजारात आली आणि २००२ साली ती बनवणं बंद झालं. माझ्या वडिलांनी ती १९९१ साली घेतली, तेव्हा आमच्या आळीतली पोरं तिच्या काचेत बघून भांग पाडायची. पुढे वडील गेले, गाडी राहिली. दर रविवारी मी ती धुतो आणि आई ओट्यावर बसून सांगते, "अरे, चाकापाशी राहिलं बघ."

मागच्या उन्हाळ्यात मात्र ही गाडी खरंच विकावी लागणार, अशी वेळ आली. ती वेळ का आली आणि कशी टळली, ते आज तुम्हाला सांगतो. त्यात माझी थोडी फजिती आहे. पण ती लपवली तर गोष्टीत काही उरतच नाही.

आम्ही वाईला राहतो. सुट्टीत माझी भाची आली होती. सहावीत आहे आणि कानाची भारी तिखट. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, तर कितवी ते ती बरोबर सांगते. तिला भिलार बघायचं होतं. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्यामधलं हे गाव २०१७ सालापासून 'पुस्तकांचं गाव' म्हणून ओळखलं जातं. आजीही म्हणाली, मी येते. मग काय, काढली कॉन्टेसा!

जाताना भाची म्हणाली, "मामा, तू ब्रेक दाबलास ना, की सुस्स असं काहीतरी वाजतं."

"जुनी गाडी आहे. वाजणारच," मी म्हटलं.

खरं तर त्याआधी पंधरा-वीस दिवस मलाही काहीतरी वेगळं जाणवत होतं. ब्रेकचं पेडल जड लागत होतं. पण मी काय समजलो असेन? मला वाटलं, आपलं वय झालं, गुडघा धरलाय! रोज रात्री मी गुडघ्याला तेल चोळत होतो. दुखणं गाडीला आणि मालीश माझ्या गुडघ्याला!

भिलारला पुस्तकं बघण्यात दिवस छान गेला. संध्याकाळी परत निघालो आणि पाचगणी सोडून पसरणी घाटाला लागलो. खाली धोम धरणाचं पाणी चकाकत होतं. एका वळणावर पुढची एसटी एकदम थांबली. मी ब्रेक दाबला. पेडल जरासं हललं आणि दगडासारखं अडलं. गाडी काही थांबेना. मी दोन्ही पाय पेडलवर दिले, गिअर खाली टाकला, हँडब्रेक खेचला. एसटीच्या मागच्या बंपरपासून हातभर अंतरावर गाडी थांबली. मागच्या सीटवरची जॅमची बाटली घरंगळत माझ्या पायाशी आली.

क्षणभर कुणीच बोललं नाही. मग मागून हळूच आवाज आला, "मामा, आत्ता पण सुस्स वाजलं. मोठ्यानं."

"गप्प बस जरा!" मी खेकसलो.

ती गप्प बसली. आई खिडकीबाहेर बघत राहिली. मी गाडी कडेला रुंद जागेत घेतली, चाकांना दगड लावले आणि त्या दोघींना मागून आलेल्या एसटीत बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गाडीनं ओढून कॉन्टेसा घाटाखाली आणली.

एका गॅरेजवाल्याला दाखवली. तो म्हणाला, "घाटात ब्रेक तापले असणार." त्यानं पुढचे पॅड बदलले, मागचे ब्रेक शू बदलले. बिल दिलं. पेडल होतं तसंच! मग तो म्हणाला, "आता सगळंच बदलावं लागेल. त्यापेक्षा विकून मोकळे व्हा."

रात्री जेवताना आई म्हणाली, "त्यांची आठवण म्हणून ठेवलीय मी ती गाडी. पण पोरीच्या जिवापेक्षा आठवण मोठी नाही. थांबत नसेल तर विकून टाक."

आता यावर काय बोलणार? पण विकण्याआधी मी एकाला विचारायचं ठरवलं. वडिलांच्या वेळचे एक म्हातारे मिस्त्री आहेत. गॅरेज आता त्यांचा मुलगा बघतो. निरोप पाठवला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या अंगणात हजर. हातात पाना नाही, पकड नाही. आले, ओट्यावर बसले, चहा घेतला आणि डॉक्टर पेशंटला विचारतात तसे प्रश्न विचारू लागले.

"सर, पेडल खालपर्यंत जातं की वरच अडतं?"

"वरच अडतं. दगडासारखं."

"सकाळी गाडी गार असताना?"

"तेव्हाही तसंच."

"मग ब्रेक तापले म्हणून झालं, हे बाद." त्यांनी एक बोट मिटलं. भाची एव्हाना त्यांच्या शेजारी येऊन बसली होती. तिच्याकडे वळून ते म्हणाले, "बेटा, पेडल पायाला सांगत असतं. स्पंजासारखं मऊ लागलं, तर नळ्यांत हवा शिरलीय. दाबून धरल्यावर हळूहळू खाली बसत गेलं, तर ऑइलचा दाब कुठून तरी निसटतोय. आणि दगडासारखं कडक लागलं, तर मदतनीस कामावर आलेला नाही!"

"मदतनीस कोण?"

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. ड्रायव्हरच्या पायांसमोर जो पत्रा असतो, त्याच्या पलीकडच्या बाजूला एक काळा, गोल, चपटा डबा बसवलेला होता. त्यातून एक जाड रबरी नळी इंजिनाकडे गेली होती. हाच ब्रेकचा मदतनीस. त्याला म्हणतात बूस्टर.

मुलांनो, हा बूस्टर काम कसा करतो, ते आधी समजून घ्या. तुम्ही नळीनं उसाचा रस ओढता ना, तसं पेट्रोलचं इंजिन चालू असताना सारखी हवा ओढत असतं. त्या रबरी नळीतून ते बूस्टरमधली बरीचशी हवा ओढून घेतं. डब्याच्या आत मधोमध एक रबरी पडदा असतो. त्यामुळे डब्याचे दोन कप्पे होतात. ब्रेक दाबला नसेल तेव्हा दोन्ही कप्प्यांत हवा विरळच असते. तुम्ही ब्रेक दाबलात, की मागच्या कप्प्याची एक छोटीशी झडप उघडते आणि बाहेरची हवा आत घुसते. आता पुढे विरळ हवा आणि मागे नेहमीची हवा. ही मागची हवा पडद्याला पुढे रेटते आणि तुमच्या पायाच्या जोरात आपला जोर मिसळते.

हवेला एवढा जोर असतो का, असं तुम्ही विचाराल. घरी औषध पाजायची प्लॅस्टिकची सिरिंज असते, बिनसुईची. ती घ्या. दट्ट्या पूर्ण आत दाबा, तोंडावर बोट घट्ट धरा आणि दट्ट्या मागे ओढून सोडून द्या. सटकन आत जाईल! त्याला कुणी ढकललं? बाहेरच्या हवेनं.

आता थोडं गणित करू. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो असतो. बूस्टरचा पडदा २० सेंटिमीटर व्यासाचा धरला, तर त्याचं क्षेत्रफळ होतं सुमारे ३१४ चौरस सेंटिमीटर. इंजिननं डब्यातली दोन-तृतीयांश हवा ओढून घेतली असेल, तर त्या पडद्यावर सुमारे २०० किलोंचा रेटा बसतो. म्हणजे ५० किलोंची ४ पोती! तीही तुमच्या पायाच्या मदतीला, फुकट. पोकळीच्या मदतीनं ब्रेक दाबायची ही युक्ती बेल्जियमच्या आल्बेर दवांद्र नावाच्या इंजिनिअरनं १९२० च्या दशकात काढली.

आणि आता माझी फजिती ऐका. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहरात ऑटो फॉन गेरिके यांनी १६५७ साली तांब्याचे दोन अर्धगोल जोडून त्यांतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंनी आठ-आठ घोडे लावूनही ते सुटेनात, ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात रंगवून सांगत असे. फळ्यावर घोडे काढत असे. आणि तीच हवा माझ्या पायाखाली संप करून बसली, तेव्हा मी गुडघ्याला तेल लावत होतो!

असो. मिस्त्री म्हणाले, "आता गाडीलाच विचारू. एका वेळी एकच प्रश्न." गाडी सपाट अंगणात होती. हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलमध्ये टाकला. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. भाचीच्या हातात घड्याळ आणि वही.

पहिला प्रश्न. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबायचं. असं केलं, की डब्यात साठलेली पोकळी संपते आणि पेडल कडक होतं. मग पाय तसाच दाबून ठेवायचा आणि इंजिन चालू करायचं. मदतनीस ठणठणीत असेल, तर इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली जरासं खाली जातं. आमचं पेडल जागचं हललंही नाही. भाचीनं वहीत लिहिलं, 'नापास'.

दुसरा प्रश्न. इंजिन एक-दोन मिनिटं चालवून बंद करायचं आणि मग पेडल सावकाश दाबायचं. चांगल्या गाडीत पहिल्यांदा ते बरंच खोल जातं, दुसऱ्यांदा थोडं कमी, तिसऱ्यांदा आणखी कमी. आमचं पहिल्यांदा किंचित गेलं आणि दुसऱ्यांदाच अडलं. नापास!

तिसरा प्रश्न. इंजिन चालू असताना पेडल दाबून धरायचं, तसंच धरून इंजिन बंद करायचं आणि तीस सेकंद थांबायचं. पेडल जागच्या जागी राहायला हवं. भाची मोजू लागली, "एक, दोन, तीन, चार…" सहापर्यंत येईतो पेडल माझा पाय वर रेटू लागलं. पुन्हा नापास.

मला वाटलं, झालं, बूस्टर गेला. मी म्हटलं, "बदलून टाकू."

"घाई करू नका, सर," मिस्त्री म्हणाले. "पेपर कोरा आहे म्हणून पोरगं नापास करणार, की पेन होतं का तेही बघणार?"

म्हणजे काय, तर बूस्टरपर्यंत पोकळी पोचते की नाही, ते बघायचं राहिलं होतं. नळी फाटली असेल, तर बूस्टर बिचारा काय करणार? त्यांनी बूस्टरकडचं नळीचं टोक काढलं आणि चालू इंजिनात त्यावर अंगठा ठेवला. अंगठा चिकटून बसला. नळी चांगली. मग नळीच्या तोंडाशी असलेली छोटी झडप काढून त्यांनी ती तोंडानं फुंकून पाहिली. ही झडप हवेला एकाच दिशेनं जाऊ देते, डब्यातून इंजिनाकडे. उलट येऊ देत नाही. तीही चांगली. दोन बोटं आणखी मिटली.

नळी परत जोडल्यावर ते भाचीला म्हणाले, "बेटा, आता तुझं काम. मामा ब्रेक दाबून धरतील. तू दाराशी उभी राहून नुसतं ऐक."

मी ब्रेक दाबला. सुस्स्स्स. इंजिन धाप लागल्यासारखं थरथरू लागलं.

"आवाज पेडलच्या वर, पत्र्यामागून येतोय," ती म्हणाली. "आणि थांबत नाहीये."

"शाब्बास! ब्रेक दाबताना क्षणभर फुस्स वाजलं, तर ती आत जाणारी हवा. ते चालतं. पण धरून ठेवल्यावरही वाजतच राहिलं, तर हवा पलीकडे पळतेय." मिस्त्रींनी रबरी नळी पकडीत घट्ट दाबून बंद केली. आवाज थांबला. इंजिन लगेच शांतपणे चालू लागलं. नळी सोडली, पुन्हा सुस्स आणि पुन्हा थरथर. म्हणजे बूस्टरच्या आतला पडदाच फाटला होता! मागून शिरलेली हवा त्या भोकातून थेट इंजिनात जात होती. त्यामुळे पायाला जोर मिळत नव्हता आणि इंजिनालाही नको असलेली हवा गिळावी लागत होती.

मी भाचीकडे बघितलं. ती वहीत लिहीत होती. पंधरा दिवसांपूर्वीच तिनं रोगाचं नाव सोडून बाकी सगळं सांगितलं होतं, आणि मी तिला गप्प बसवलं होतं. मी म्हटलं, "माझं चुकलं गं. तेव्हाच तुझं ऐकायला हवं होतं." ती म्हणाली, "ठीक आहे, मामा. तू तेव्हा घाबरला होतास." यावर मिस्त्री इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

तेवढ्यात तिनंच आणखी एक प्रश्न काढला. "मिस्त्रीकाका, मामा दर महिन्याला त्या बाटलीत ऑइल घालतो. ते कमी का होतं?"

मिस्त्रींचं हसू थांबलं. "दर महिन्याला? खाली कुठे गळताना दिसलं का?"

"नाही," मी म्हणालो. मी ब्रेक ऑइल भरत होतो, पण ते जातं कुठे, हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांनी मुलाला पाने घेऊन बोलावलं. बूस्टरच्या पुढे मास्टर सिलिंडर असतो. ब्रेक ऑइलला दाब देणारा तोच. त्याचे नट काढून तो अलगद पुढे ओढला, तर मागची बाजू ओलीचिंब! सिलिंडरच्या मागचं रबरी सील झिजलं होतं आणि ऑइल थेंब थेंब बूस्टरच्या पोटात जात होतं. म्हणूनच जमिनीवर कधी डाग पडला नाही. तीस वर्षांहून जुना रबर आणि त्यात हे ऑइल! पडदा टिकणार कसा?

आता विचार करा. आम्ही घाईनं नुसता बूस्टर बदलला असता, तर काही महिन्यांत नवा पडदाही गेला असता. आणि गॅरेजवाल्याचं ऐकून पॅड बदलले, तेव्हा दुखणं होतं तिथे आम्ही हातसुद्धा लावला नव्हता.

पुण्याच्या नाना पेठेत दोन दिवस हिंडून बूस्टर मिळवला. मास्टर सिलिंडरही नवा घातला. नळ्यांमधली हवा काढली, ऑइल भरलं आणि मग पहिला प्रश्न पुन्हा विचारला. पेडल दाबून धरलं, किल्ली फिरवली. पेडल पायाखाली हळूच खाली गेलं, जणू गाडीनं मान डोलावली. भाचीनं वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पास'.

मुलांनो, तुमच्या घरच्या गाडीला हा पहिला प्रश्न तुम्हीही विचारू शकता. मात्र पेडलवर पाय आईचा किंवा बाबांचा हवा, गाडी सपाट आणि उघड्या जागेत हवी, हँडब्रेक ओढलेला हवा. बंद खोलीत इंजिन कधीही चालवायचं नाही, धूर विषारी असतो. तुम्ही वही धरा, सेकंद मोजा आणि कान उघडे ठेवा. नापास झाली, तर गाडी थेट मिस्त्रींकडे न्यायची. बूस्टर घरी उघडायचा नाही, आत जोरकस स्प्रिंग असते. विजेवर चालणाऱ्या गाडीत मात्र हवा ओढणारं इंजिनच नसतं. तिथे मदतीची सोय वेगळी असते.

आणि पालकांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. पेट्रोल वाचवायला घाटाच्या उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय आमच्या वडिलांच्या पिढीत पुष्कळांना होती. मलाही होती. इंजिन बंद झालं, की बूस्टरमध्ये फक्त दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरती पोकळी उरते. त्यानंतर पेडल दगड होतं आणि पुढे अख्खा घाट शिल्लक असतो. चार चमचे पेट्रोल वाचवून कुणाचा जीव टांगणीला लावू नका. इंजिन चालू ठेवा आणि खालच्या गिअरमध्ये उतरा.

दिवाळीच्या सुट्टीत भाची पुन्हा आली. आम्ही तिघं पाचगणीला गेलो आणि त्याच घाटानं खाली आलो. त्या वळणावर मी मुद्दाम अलगद ब्रेक दाबला. गाडी शहाण्या बैलासारखी थांबली.

"काही वाजलं का?" मी विचारलं.

ती कान देऊन ऐकत राहिली. "नाही. फक्त आजीची जपमाळ."

घरी आल्यावर आईनं ओट्यावर बसून गाडीकडे एकदा नीट पाहिलं आणि म्हणाली, "ठेवू या अजून एक वर्ष. पण चाकापाशी पूस रे, चिखल उडालाय."